रिकाम्या टबातलं विष

"आलं! आलं! काळं आलं!"

ओमानमधल्या सोहार शहरातल्या एका हॉटेलावरच्या हॉलमध्ये एकच कल्ला उठला. मसाल्याचे व्यापारी हारूनभाई विजेचं यंत्र जोडलेल्या टबात पाय सोडून बसले होते आणि मघाशी नितळ असलेलं पाणी काढ्यासारखं तपकिरी झालं होतं. शुक्रवारची सुट्टी असल्याने हॉल भरलेला. कुणी खुर्चीवर चढून बघत होतं, कुणी मोबाईलवर शूटिंग करत होतं.

"हे तुमच्या फुफ्फुसातलं विष!" जितेश माईकवर गरजला. हा गृहस्थ स्वतःला डॉक्टर म्हणवतो. चीनमध्ये शिकलो म्हणतो, पण कुठे ते विचारलं की "दक्षिणेकडे" एवढंच सांगतो. "चिनी शास्त्र म्हणतं, शरद म्हणजे फुफ्फुसांचा ऋतू! कोरडी हवा आत शिरते, विष साचतं. आपलं यंत्र ते तळपायातून खेचतं. नो टॅबलेट, नो साइड इफेक्ट!"

कसला शरद ऋतू? ऑक्टोबर उजाडला तरी बाहेर डांबर वितळत होतं. शिजवलेलं नासपतीचं फळ खा, कोमट पाणी प्या, जागू नका, असंही तो सांगत होता. त्याला माझी हरकत नव्हती. चीनची काय नि चिपळूणची काय, कुठलीही आई हेच सांगेल. माझं डोकं फिरलं ते पुढच्या वाक्याने.

"इनहेलर म्हणजे फुफ्फुसावरचं झाकण. झाकण ठेवलंत तर विष निघणार कसं?"

माझी शेजारीण कलावतीवहिनी जुनी दम्याची रोगी. मागच्या शुक्रवारी इथेच ऐकलेल्या या वाक्यापायी तिने आठवडाभर इनहेलरला हात लावला नव्हता. मी, रेवा, इथल्या भारतीय शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तिची धाप बघवेना म्हणून मी सोबत आले होते, आणि तिचा इनहेलर गुपचूप माझ्या पर्समध्ये टाकला होता.

तिची पाळी आली. जितेशने टबात मीठ टाकलं. हारूनभाईंच्या वेळी मूठभर, आता जेमतेम चिमूटभर. पाणी फिकटच राहिलं.

"बघा, विष संपत आलं!" टाळ्या पडल्या. वहिनी हसायला गेली आणि तिचा श्वासच अडकला. छातीतून शिट्टी वाजू लागली, ओठ निळे पडले.

"हात लावू नका! शेवटचं विष निघतंय!"

"विष नाही, जीव निघतोय तिचा!" मी इनहेलर तिच्या तोंडाशी धरला.

"रेवाताई, पण डॉक्टर म्हणतायत..." तिचा नवरा गजेंद्र चाचरला.

"गजेंद्रभाऊ, आधी गाडी काढा!"

हॉस्पिटलात वहिनी सावरली. पण गजेंद्रच्या मनातून ते पाणी जाईना. "ताई, पाणी उजळलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय." शिकलेला माणूस! बंदरावरच्या पाइपांना गंज लागू नये हे बघणं ही याची नोकरी. मला संताप आला. या पाण्याचं कोडं सुटलं नाही, तर बाई पुन्हा इनहेलर सोडणार हे दिसत होतं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही तिघं परत गेलो. टबाशी बसवल्यावर वहिनीनेच मी सुचवलेली मागणी केली, "डॉक्टर, मी पाय नाही घालत. आज रिकामंच चालवा."

"पायांशिवाय यंत्र चालत नाही! हा शास्त्राचा अपमान आहे!"

"चालत नाही तर चालणार नाही. बघूया ना, यल्ला, चला!" हारूनभाई म्हणाले.

मी मूठभर मीठ टाकून बटण दाबलं. थोड्याच वेळात पाणी पिवळं झालं, मग तपकिरी. वर फेस, खाली गाळ.

"रिकाम्या पाण्याला कसला दमा, डॉक्टर?" वहिनीने विचारलं.

मग ताज्या पाण्यात मी चिमूटभर मीठ घातलं. पाणी फिकटच राहिलं. मीठ कमी, म्हणून वीज कमी वाहते, म्हणून रंगही कमी.

गजेंद्रने बटण बंद करून टबात बुडलेल्या यंत्राच्या पट्ट्या उपसल्या. लोखंडी होत्या, कडा खाल्लेल्या. त्याचा चेहरा लाल झाला. "हा गंज आहे! खाऱ्या पाण्यात लोखंड ठेवून वीज सोडली की हेच होणार. आयुष्यभर मी याच्याशी झगडतो, आणि बायकोच्या पायाखाली दिसला तर हात जोडले!"

"श्रद्धा नसेल तर गुण येत नाही," पुटपुटत जितेश वायरी गुंडाळू लागला.

"पण माझे गुडघे हलके झालेले, वो कैसे?" हारूनभाईंनी विचारलं.

"कोमट पाण्यात निवांत बसलात म्हणून. घरी बादली आहे ना? मग झालं, खलास!" मी म्हटलं.

जितेश आता इथल्याच इब्री शहरात दुकान मांडून बसलाय म्हणे. उद्या तुमच्याकडेही येईल, त्याच्या नाहीतर दुसऱ्या कुणाच्या रूपात. यंत्राला चिनी नाव असेल, तिबेटी असेल, नाहीतर अगदी आपल्या ऋषिमुनींचं असेल. नावाला भुलू नका आणि पाण्याच्या रंगाला घाबरू नका. "आधी रिकामं चालवून दाखवा," एवढं मोठ्याने म्हणा. आणि चालू औषध बंद करा असं जो सांगेल, त्याला उभ्या उभ्या दार दाखवा. भीड कसली ठेवायची? श्वास तुमचा आहे.