वाळलेला तंबू

गच्चीवर मामींनी तंबूचा कोपरा नाकाशी धरला, डोळे मिटून वास घेतला आणि कापड सोडून दिलं. वास कुठलाच नव्हता. मग तळाची शिवण, चेनखालची ती दुमड जिथे ओल हमखास लपून बसते, सगळं त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं. तंबू खडखडीत वाळला होता. एरवी या वेळी त्यांना हायसं वाटायचं. आज वाटलं नाही.

"वाळला का गं?" खालून मामांनी विचारलं.

"बघतेय."

"छबी पाच वाजता येणार आहे."

"माहीत आहे हो मला," मामी म्हणाल्या आणि तोच कोपरा पुन्हा नाकाशी नेला.

भाचरांमुळे सगळी गल्लीच त्यांना मामा-मामी म्हणायची. मामांनी उभं आयुष्य ग्रंथालयात काढलं होतं आणि निवृत्त होताना तिथली शांतता ते घरी घेऊन आले, अशी मामींची जुनी तक्रार होती. 'हो', 'नाही' आणि 'माझा चष्मा पाहिलास का' एवढ्यावर त्यांचा अख्खा दिवस निघायचा. पाहुणे आले तरी तेच. त्यांच्या वाटचं बोलून बोलून मामींचा घसा बसायचा.

मामांना वेड होतं ते एकच. दर मोसमात तीन-चारदा मित्रांबरोबर तंबू पाठीवर टाकायचा आणि डोंगरात जायचं. मामी कधी गेल्या नाहीत. जमिनीवर झोपण्याची त्यांना हौस नव्हती आणि किड्यांशी तर त्यांचं हाडवैर. त्यांच्या वाट्याला यायचं ते नंतरचं. मोसम संपला की सगळं सामान गच्चीवर काढायचं, तंबू धुऊन दोन दिवस दोरीवर टाकायचा. झोपायच्या पिशव्या घट्ट गुंडाळून ठेवल्या तर आतली पिसं कायमची दबतात, म्हणून मामींनी जुन्या चादरींच्या मोठाल्या खोळी शिवल्या होत्या. त्यांत त्या पिशव्या ऐसपैस पडून राहायच्या. स्टोव्हची नळी पुसायची, बॅटरीतले सेल काढायचे, वाकलेल्या खुंट्या ठोकून सरळ करायच्या आणि मगच सगळं माळ्यावर चढवायचं.

हे सगळं चालू असताना मामींच्या तोंडाचा पट्टाही चालू असायचा. घरात माणसांना जागा नाही आणि यांच्या तंबूला माळा, मी मेले तर मलाही खोळीत घालून ठेवा, वगैरे. गेली तीस वर्षं न चुकता.

पण खरी गोष्ट मामींनी कुणाला सांगितली नव्हती. ते दोन दिवस मामा बोलायचे. कापडावरचा एखादा डाग दाखवून "हे काय करून आणलंत?" असं विचारायचा अवकाश, की बांध फुटायचा. एका चहाच्या डागामागून त्यांच्या दंतवैद्य मित्राची अख्खी फजिती बाहेर आली होती. पठ्ठ्याने साखर समजून चहात मीठ घातलं आणि चूक कबूल करायला नको म्हणून "झकास झालाय" म्हणत एकट्याने तीन कप प्याला. हे सांगताना मामा हसून हसून खोकायला लागले होते. एकदा तर, शिवणीत अडकलेली गवताची काडी सोडवता सोडवता, ते आपल्या आईबद्दल बोलले होते. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर, पहिल्यांदा. मामी त्या वेळी नुसती काडी हातात धरून बसून राहिल्या. वर्षाचे ते दोन दिवस मामींना जिवापाड आवडायचे.

या वर्षी मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, सपाटीवर हवं तेवढं चाला, पण पाठीवर ओझं आता विसरा. मामांनी ते ऐकून मान हलवली, घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी भाचीला फोन केला. छबीला दोन मुलं होती, गाडी होती, हौस होती. सामान तिच्याकडे जायचं ठरलं.

"तुझा माळा मोकळा होईल," फोन ठेवल्यावर मामा मामींना म्हणाले. "सुटलीस एकदाची."

"हो, सुटले," मामी म्हणाल्या. तीस वर्षं कटकट केलेली, आता कोणत्या तोंडाने नको म्हणणार?

सामान धुवायला काढलं ते मामींनी एकट्यानेच. मामा या वेळी गच्चीवर फिरकलेच नाहीत. ते खाली टेबलाशी बसून छबीसाठी यादी लिहीत होते, ग्रंथालयातल्या त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. सकाळी त्यांनी ती मामींना वाचून दाखवली. एक, ओला तंबू कधीही बांधू नये, बुरशी धरते. दोन, पिशव्या दाबून ठेवू नयेत. तीन, चार, असं करत अकरापर्यंत.

"काही राहिलं का?" त्यांनी विचारलं.

मामींना म्हणायचं होतं की हो, राहिलं. पण त्या म्हणाल्या, "खुंट्यांचं लिहा. तिला ठोकून सरळ करता येतात हे माहीत नसेल."

मामांनी बारावा मुद्दा लिहिला.

आता साडेचार वाजले होते. पिशव्या खोळीत गेल्या होत्या, स्टोव्ह खोक्यात. उरला होता फक्त तंबू. मामींनी दोरीवरून एक टोक काढलं, घडी घालायला घेतली, अर्धी घातली. मग थांबल्या. घडी सोडली आणि तंबू पुन्हा दोरीवर टाकला. कुंड्यांपाशी झारी होती. ती त्यांनी नळाखाली भरली, इकडेतिकडे पाहिलं आणि तंबूवर उपडी केली. पाणी कापडावरून ओघळून पायांवर आलं. त्यांनी झारी पुन्हा भरली.

तिसऱ्यांदा नळ सोडला तेव्हा जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, थांबा, मग दुसरी. मामा ऑपरेशननंतर पहिल्यांदाच वर येत होते. मामींना झारी लपवायलाही सुचलं नाही.

मामा दारात उभे राहिले. त्यांनी निथळणारा तंबू पाहिला, मग कोरडं आभाळ, मग मामींच्या साडीचा भिजलेला काठ.

"हे काय?"

"डाग होता. धुतला."

"कुठे?"

मामींनी कुठेतरी बोट दाखवलं. मामा जवळ आले, चष्मा वर सरकवून त्यांनी ती जागा नीट पाहिली. तिथे काही नव्हतं.

"डाग नाहीये इथे."

"नाहीये," मामी म्हणाल्या. मग तंबूकडे बघत, "मला सवय झाली आहे हो."

"कशाची? धुण्याची?"

"या दोन दिवसांची. तुम्ही बोलता ना."

मामांनी एका हाताने दोरी धरली, गुडघ्यावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला आणि तसेच उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. लग्नात झाले होते तसे.

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"मामा!" छबीने रस्त्यावरूनच हाक मारली. "येऊ का वर? सामान बांधून झालं?"

मामा कठड्यापाशी गेले. मामींनी झारी छातीशी धरली. आता काय ते कळणार होतं.

"आज नाही जमायचं," मामांनी खाली वाकून सांगितलं. "तंबू ओला आहे."

"अहो, मग द्या तसाच, मी घरी वाळवते की!"

"ओला तंबू बांधायचा नसतो."

"बरं, मग उद्या येऊ? की परवा?"

मामांनी मागे वळून मामींकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तू नको येऊस," ते म्हणाले. "वाळला की मी फोन करेन."

"नक्की ना मामा? मुलांना सांगून ठेवलंय मी."

"मुलांना घेऊन ये कधी. इथे गच्चीवरच उभा करू."

छबी हसत काहीतरी म्हणाली, गाडीचं दार लागलं, गाडी निघून गेली. मामा सावकाश परत आले आणि त्यांनी मामींच्या हातातली झारी घेतली. हलवून पाहिली, अर्धी भरलेली होती. मग ते तंबूच्या दुसऱ्या अंगाला गेले.

"ही बाजू कोरडीच राहिली की," ते म्हणाले आणि पाणी ओतू लागले.

मामींनी कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं, म्हणजे ते सगळीकडे नीट भिजेल.