खाकी कव्हरातली पुस्तकं

आमच्या मेडिकलच्या दुकानामागे एक खोली आहे. पुढे काउंटर, मध्ये दार आणि मागे ही खोली. रिकामी खोकी, एक बसका सोफा, तीन खुर्च्या आणि पुस्तकांचं एक कपाट. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी शटर अर्धं ओढून आम्ही पाच जण तिथे बसायचो आणि वाचलेल्या पुस्तकांवरून भांडायचो. भांडायचो हाच शब्द बरोबर आहे. चर्चा मोठी माणसं करतात.

पाचांत आमचे हे आणि मी. मग माझी नणंद, तिला प्रेमकथा लागतात. लग्न केलं नाहीस म्हणून पुस्तकांत हौस भागवतेस, असं मी तिला चिडवते. त्यावर ती विचारते, "तू लग्न करून कुठली भागवलीस वहिनी?" समोरच्या दुकानातले टेलरमास्तर खुनाच्या कादंबऱ्या वाचतात. आणि शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, त्या भुताखेतांच्या. एकट्या राहतात, पण घाबरत नाहीत. "भूत आलं तर बोलायला कोणीतरी होईल," म्हणतात. मला आपली उपयोगाची पुस्तकं बरी वाटतात, कुंड्या कशा भराव्यात, गळका नळ कसा दुरुस्त करावा अशी. यांना मात्र सगळंच चालायचं.

जो तो आपलंच घोडं पुढे दामटतो म्हणून यांनी नियम केला. सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हर घालायचं, वर नाव लिहायचं नाही आणि जे वाट्याला येईल ते वाचून मत द्यायचं. महिना संपला की पुस्तक शेजारच्या माणसाकडे सरकायचं. न वाचता मत देणं हे यांच्या लेखी पाप. टेलरमास्तरांनी एकदा एक प्रेमकथा नुसती चाळून नावं ठेवली, तर यांनी त्यांना उठवून बाहेर काउंटरवर बसवलं होतं. मास्तर तिथून ओरडून ओरडून माफी मागत होते आणि एक गिऱ्हाईक घाबरून परत गेलं.

पूर्वी मत द्यायला हे पहिले. दुसऱ्या कोणाला तोंड उघडू द्यायचे नाहीत. अलीकडे काही महिने मात्र शेवटी बोलायला लागले होते. सगळ्यांचं शांतपणे ऐकून घ्यायचे, मग बोलायचे. उशिरा का होईना, माणसाला शहाणपण आलं असं मला वाटलं. सकाळचा पेपरही मलाच वाचायला लावायचे. "चष्म्याचा नंबर वाढलाय, आणि तुझ्या आवाजात बातमी ऐकायला बरी वाटते." इतक्या वर्षांच्या संसारात असं वाक्य मी ऐकलं नव्हतं. हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या मागे, तशी मी चहा निववत रोज पेपर वाचत होते.

त्या महिन्यात दोन पुस्तकांची कव्हरं फाटली होती. मी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभ्या उभ्या दोन्ही बदलली आणि वाटताना अदलाबदल करून बसले. टेलरमास्तरांकडची खुनाची कादंबरी यांच्याकडे यायची होती, ती नणंदेकडे गेली. तिच्या वाट्याचं कुंडीतल्या भाज्यांचं पुस्तक यांच्याकडे आलं. मला त्याचा पत्ताच नव्हता.

रविवारी बाईंनी सुरुवात केली. त्यांना प्रेमकथा आली होती. "नायक अर्धं पुस्तक तिच्या दारात उभा आहे," बाई म्हणाल्या. "अरे बेल वाजव की. आमची भुतं बरी, भिंतीतून सरळ आत येतात." मग मास्तर बोलले, मी बोलले. नणंद म्हणाली, "मी आज शेवटी. मला एक गंमत सांगायचीय. दादा, तू बोल."

हे जरा चुळबुळले. पण बोलले, आणि झकास बोलले. "भाषा चांगली आहे. पाऊस मात्र फार पाडलाय, मास्तर मागच्या वेळी म्हणाले ते खरंय. आणि खुनी तो डॉक्टर, हे मला अर्ध्यावरच कळलं. कादंबरीत इतका सभ्य माणूस आला की समजावं."

नणंद हसत सुटली. "दादा, ते पुस्तक तर माझ्याकडे आलंय. हीच तर गंमत सांगणार होते. मला यायच्या होत्या भाज्या आणि आलं प्रेत." तिने आपल्या पुस्तकाचं कव्हर काढून दाखवलं, मग यांच्या मांडीवरचं पुस्तक उचललं आणि मोठ्याने वाचलं, "टोमॅटोच्या रोपाला आधार कसा द्यावा."

"दादा, टोमॅटोचा खून केला कोणी?" मास्तर म्हणाले, आणि सगळे खो खो हसले.

"अरे, गंमत केली," हेही हसत म्हणाले. "बघत होतो, कोणाच्या लक्षात येतंय."

सगळ्यांनी ते खरं मानलं. मी नाही मानलं. यांचं हसू मला पाठ आहे आणि हे ते नव्हतं. यांनी माझ्याकडे पाहिलं. हा माणूस रागावलेला, रुसलेला, तापाने फणफणलेला, आई गेल्यावर ढसाढसा रडलेला मी पाहिलाय. भ्यालेला कधी पाहिला नव्हता.

मग माझं डोकं भराभर मागे धावलं. रोजचा पेपर. सगळ्यांचं ऐकून शेवटी दिलेली मतं. आणि काउंटरवरची ती नेहमीची थट्टा. डॉक्टरांची चिठ्ठी गिऱ्हाइकापुढे धरून हे म्हणायचे, "काय अक्षर आहे बघा, तुम्हीच सांगा काय आणायला सांगितलंय." गिऱ्हाईक हसायचं, मी हसायचे. डॉक्टरांच्या अक्षराला कोण हसत नाही? आमचं किराणा मालाचं दुकान असतं तर गोष्ट वेगळी. साखरेच्या जागी मीठ गेलं तर माणूस चहा ओतून देतो.

मी चहा आणला. तेवढ्यात बाईंनी पर्समधून गोळ्यांची स्ट्रिप काढली. त्यांच्या हृदयाचे ठोके मधेच बेताल होतात, त्यासाठी त्यांना रोज संध्याकाळी एक गोळी असते. "कंपनीने आकार बदलला वाटतं," गोळी तळहातावर घेत त्या म्हणाल्या. "आज सकाळीच दिली दादांनी. लहान झालीय, बरंच झालं. गिळायला सोपी."

मी त्यांच्या शेजारीच होते. मांडीवरच्या स्ट्रिपवरचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. ती शुगर कमी करायची गोळी होती. बाईंना शुगरचा आजार नाही. रात्री त्या दोन बिस्किटांवर झोपतात. झोपेतच शुगर उतरली असती आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचं दार कोणी ठोठावलं नसतं. घरात बोलायला कोणी नाही हा त्यांचा रोजचा विनोद. त्या क्षणी तो मला ऐकवेना.

मी बाईंच्या तळहातावर माझा तळहात ठेवला. "थांबा बाई. या स्ट्रिपची तारीख संपलीय. बदलून आणते."

"घरच्या दुकानात ही तऱ्हा?" मास्तर म्हणाले.

बाईंच्या हातातली गोळी आणि मांडीवरची स्ट्रिप मी उचलली. पुढे दुकानात गेले आणि सगळे दिवे लावले. दोन्ही गोळ्यांची खोकी एकाच फळीवर शेजारी शेजारी होती, पांढरी, वर निळा पट्टा. कंपनीने खोकी बदलली होती खरी, आता दोन्ही सारखीच दिसत होती. मग मला बाकीचं दिसायला लागलं. काही खोक्यांना रबरबँड होते, कुठे एक, कुठे दोन. काहींचे कोपरे कापलेले होते, काहींना दोरा बांधला होता. या दोन नव्या खोक्यांना मात्र अजून काहीच नव्हतं. मीही रोज तासभर याच काउंटरवर बसत होते आणि यांनी दुकान नीट लावलंय म्हणून मनात कौतुक करत होते.

हे मागून आले आणि मधलं दार लोटून घेतलं.

"वाचता येत नाही," हे हळूच म्हणाले. "उन्हाळ्यात एका सकाळी पेपर उघडला. अक्षरं दिसत होती, पण लागत नव्हती. वाटलं, जाईल दोन दिवसांत. लिहिता येतंय अजून. पण माझं मी लिहिलेलंच परत वाचता येत नाही."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"त्यांनी काय सांगितलं असतं? दुकान बंद करा."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तू काय वेगळं सांगितलं असतंस?"

यांना एक ठेवून द्यावी असं वाटलं आणि जवळ घ्यावं असंही वाटलं. दोन्हींतलं काही केलं नाही. मी ते शुगरच्या गोळ्यांचं खोकं काउंटरवर उपडं केलं. सकाळीच उघडलेलं खोकं, त्यात दोन स्ट्रिपा कमी होत्या. एक बाईंची.

"दुसरी कोणाला दिलीत?"

यांनी डोळे मिटले. माणसं यांच्या लक्षात राहतात, त्यात अजून खोट नव्हती. "कोपऱ्यावरच्या इमारतीतली उंच मुलगी. वडिलांसाठी. ठोक्यांचीच गोळी म्हणाली. दुपारी आली होती."

"फोन नंबर?"

यांनी नकारार्थी मान हलवली.

मी शेजारच्या खोक्यातून दोन स्ट्रिपा काढल्या आणि त्यांवरचं नाव इतक्या वेळा वाचलं की शेवटी माझ्याच डोळ्यांवरचा विश्वास उडायला लागला. एक बाईंना नेऊन दिली, आलोच म्हणाले आणि शटरखालून वाकून आम्ही दोघं बाहेर पडलो.

रस्ता रोजचाच, पण संपेना. मी पुढे, हे मागे. मध्येच धडपडल्याचा आवाज आला. उजव्या हाताला एक स्कूटर उभी होती, चांगली लालभडक. हे सरळ तिच्यावर गेले होते. "दिसली नाही," गुडघा चोळत म्हणाले. मी हात धरला. आतापर्यंत मला त्या मुलीच्या वडिलांची भीती होती. आता या माणसाच्या डोक्यात काय होऊन बसलंय, याचीही वाटायला लागली. दोन भीती एका पोटात मावत नव्हत्या.

इमारतीच्या वॉचमनला आम्ही विचारलं, उंच मुलगी, वडील आजारी. त्याने तिसऱ्या मजल्यावरचं दार सांगितलं. मी बेल दाबली. आत काही हललं नाही. पुन्हा दाबली आणि बोट तिथेच ठेवलं. हे जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते, ओठ पांढरे पडले होते. दुपारी स्ट्रिप नेली, दुपारीच गोळी दिली असेल तर? मी दारावर मूठ आपटली.

दार उघडलं. मुलगी घास चावत उभी होती. तिच्या मागे टेबलाशी म्हातारे काका जेवत होते. पाण्याच्या पेल्याशेजारी बशीत गोळी काढून ठेवलेली होती. जेवणानंतर घ्यायची.

मी आत शिरून आधी ती बशी उचलली आणि तेच खोटं पुन्हा सांगितलं, की तारीख उलटलेली स्ट्रिप चुकून गेली, बदलून द्यायला आलो. आता ते तोंडात बसलं होतं.

"बघ," काका लेकीला म्हणाले. "घरी येऊन बदलून देतात. असे दुकानदार आता राहिलेत का कुठे? बसा हो, बसा." माझ्या हातातली नवी स्ट्रिप त्यांनी घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली आणि हसून यांच्या हातात दिली. "मला मेलं काही दिसत नाही. तुम्हीच एकदा वाचून सांगा. तुम्ही वाचलंत की माझी काळजी मिटली."

हे स्ट्रिपकडे बघत राहिले. मी हात पुढे केला. मी वाचलं असतं, दोन शब्दांचं काम होतं आणि आम्ही चहा पिऊन घरी आलो असतो. यांनी माझा हात बाजूला सारला.

"मला वाचता येत नाही," हे म्हणाले. "काही महिने झाले. तारखेचं काही नव्हतं. दुपारी मी तुम्हाला चुकीची गोळी दिली होती."

मुलीने माझ्या हातातली बशी काढून घेतली आणि त्या गोळीकडे बघत राहिली. काकांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, त्याला कुठे जावं ते कळत नव्हतं.

"आणि मागच्या महिन्यांत दिल्यात त्या?" त्यांनी विचारलं.

यांनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत नव्हतं. यांनाही माहीत नव्हतं. मुलगी आत गेली आणि औषधांचा डबा घेऊन आली. मी खुर्ची ओढून बसले आणि एकेक स्ट्रिप दिव्याखाली धरून वाचायला लागले. डब्यात बऱ्याच होत्या. आणि उन्हाळ्यापासून आमच्या काउंटरसमोर उभी राहिलेली माणसं एकामागून एक मला आठवत होती, ज्यांची घरंही आम्हाला माहीत नव्हती.