वासावरून ओळखायच्या बाटल्या

"डोळा उघडा, अप्पा! मिटू नका!"

"मेलो गं! आग होतेय नुसती! सोड मला!"

"सोडणार नाही. ओरडायचं तेवढं ओरडा, पण डोळा उघडा ठेवा."

धाकटीने बापाला मोरीत आडवं पाडलं होतं. त्यांचं डोकं तिच्या मांडीवर, मान उजवीकडे कललेली. एका हाताच्या बोटांनी तिने त्यांच्या पापण्या ताणून धरल्या होत्या आणि नळाची धार डोळ्यावरून कानाकडे वाहत होती. थोरल्या बहिणी केव्हाच संसाराला लागल्या होत्या. ही मागे राहिली, आणि चाळिशी उलटली तरी सगळ्यांची धाकटीच राहिली.

अप्पांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. साऱ्या बाजाराला नावं दिली, पण स्वतःच्या एकाही बाटलीवर कधी चिठ्ठी लावली नाही. "पेंटरला नाक दिलंय देवाने, चिठ्ठी कशाला?" असं म्हणत आणि बाटली नाकाशी नेऊन टोपण काढत. टर्पेंटाइन, रॉकेल, जवसाचं तेल, सगळ्यांशी ओळख वासावरून. घरालाही तेच वळण लागलेलं. सकाळी तुंबलेली मोरी मोकळी करायला धाकटीने कॉस्टिक सोडा पाण्यात कालवला. थोडा उरला. टाकवेना, म्हणून टर्पेंटाइनच्या रिकाम्या बाटलीत भरून टोपण घट्ट लावलं. बाटली हाताला चांगली गरम लागली होती. तरीही तिने ती खिडकीत ठेवली. अप्पा वाळलेला कुंचला भिजवायला उठले, बाटली नाकाशी नेली, टोपण फिरवलं, आणि आतलं पाणी फसकन तोंडावर उडालं.

त्यांचा डावा डोळा काचबिंदूने पूर्वीच गेला होता. उडालं ते उजव्यात.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या त्या हातात टूथपेस्ट घेऊनच. "हे लाव गं तोंडाला, गार पडेल. नाहीतर लिंबू पिळ! सोड्याला लिंबाचा उतारा."

"काकू, काही लावायचं नाही. दवाखान्यात फोन लावा आणि माझ्या कानाशी धरा."

फोनवर नर्स होती. "पोटात गेलंय का?"

"नाही. ओठांवर उडालंय."

"चूळ भरू दे, उलटी काढू नका. अंगावरचा कपडा काढा, डोक्यावरून ओढू नका, कापा. पाणी थांबवू नका. निदान वीस मिनिटं. जास्त चालेल, कमी नाही. गाडी पाठवते, ती बाटली सोबत द्या."

"वीस मिनिटं!" काकू पुटपुटल्या. "म्हातारा सोड्याने नाही, पाण्यानेच जायचा."

"तुम्ही आधी कात्री द्या."

शिवणाच्या कात्रीने काकूंनी सदरा उभा चिरला. नळाची धार बारीक झाली तशी बादली ओढून त्या तांब्याने पाणी सोडू लागल्या. अप्पांनी एक लाथ झाडली, ती बादलीला लागली. "कैदाशिणी! बापाला बुडवतेस!"

धाकटीने पापण्यांवरची पकड ढिली केली नाही. सोमवारपासून ती शिवणकामाच्या कारखान्यात जाणार होती. फक्त दुपारचं काम. त्यासाठी घरात किती वाद, किती अबोले झाले होते. शेवटी अप्पा म्हणाले होते, "जा बाई. मला दिसतंय तोवर माझं मी बघीन."

दिसतंय तोवर. पापणीखालच्या लालभडक डोळ्याकडे ती पाहत होती. तो कुणासाठी उघडा धरलाय, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. गुडघ्यांना रग लागली, बोटं बधिर झाली, तरी गाडी येईपर्यंत तिने हात हलवला नाही.

दवाखान्यात डोळा पुन्हा धुतला, औषध घालून पट्टी बांधली. पट्टी सुटली त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "लगेच धुतलात म्हणून वाचला. थोडं धूसर राहील, पण दिसेल."

घरी येताच तिने परीक्षा घेतली. "अप्पा, दाराला काय लावलंय?"

"कुलूप. आंधळा समजतेस काय मला?"

कितीतरी दिवसांनी ती हसली. कारखानेवाल्या बाईंनी जागा अजून राखून ठेवली होती. "मग येत्या सोमवारी जाऊ ना मी?"

अप्पा पलंगावर आडवे झाले. मग चाचपडत त्यांनी तिच्या ओढणीचं टोक धरलं.

"जा की. मी कुठं अडवतोय." आवाज एकदम बारीक झाला. "पण ते उडालं ना, तेव्हाही मला दिसत होतंच गं. तू घरात होतीस म्हणून..."

पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. बाटली तिनेच भरलेली.

औषधाची गुंगी होती. बघता बघता त्यांना झोप लागली. खिडकीतलं ऊन त्यांच्या पायांवरून भिंतीवर चढलं. ओढणीचं टोक अजून मुठीतच होतं. हळूच ओढलं असतं तर सुटलं असतं, झोपलेल्या म्हाताऱ्याची मूठ ती कितीशी घट्ट!

कारखान्यातल्या बाईंचा फोन वाजला. तिने डाव्या हाताने तो पोचेल तितका लांब सरकवला, अप्पांची झोप मोडू नये म्हणून, आणि पलंगाच्या कडेला बसून राहिली.