त्या हिवाळ्यात वर्ना वर गेली नाही

मित्रांनो, नळी म्हटलं की तुम्हाला पाण्याची नळी आठवेल. माझ्यातून मात्र आजवर पाण्याची धार कधी गेली नाही. मी बर्फ मोजणारी नळी आहे, अ‍ॅल्युमिनियमची आणि आता बरीच जुनी. माझ्या एका टोकाला करवतीसारखे दात आहेत. मला बर्फात थेट जमिनीपर्यंत खुपसतात, आत भरलेल्या बर्फासकट वर काढतात आणि काट्याला टांगून वजन करतात. त्यातून माझं वजन वजा केलं की डोंगरावर किती पाणी साठलंय ते कळतं. हे काम मला फार आवडायचं, हे आधीच सांगून टाकते.

माझं घर कोलोरॅडोच्या डोंगरांत, पीचच्या बागांच्या खोऱ्यात. इथे उन्हाळ्यात पाऊस नावालाच. वरचा बर्फ वितळून तलावात येतो आणि तिथून पाटांनी बागांना जातो. त्यामुळे वर किती बर्फ आहे यावर खाली सगळ्यांचं वर्ष ठरतं.

मला वर नेणारी वर्ना. ती सरकारी नोकरीत होती. थंडीत दर महिन्याला ती आणि तिचा जोडीदार ऑगी पायांना स्की बांधून निघायचे आणि ठरलेल्या जागी मला बर्फात उतरवायचे. पण वर पोहोचलं की वर्ना मला आधी झाडाच्या सावलीत उभी करून ठेवी. माझं काम सुरू होईपर्यंत दोघं कॉफी पीत बसत. ऑगीला धीर नसे. माहेरी आलेल्या मुलीचेसुद्धा इतके लाड होत नाहीत, असं तो मला चिडवायचा. खाली आलं की दुकानात, चर्चबाहेर लोक वर्नाला अडवून आकडा विचारत, आणि मी गाडीत पडल्या पडल्या फुशारून जाई.

मग एका वर्षी सरकारकडून कळवलं गेलं की बर्फ मोजायला यंदा पैसे नाहीत. ऑगी ट्रक चालवू लागला. वर्ना नोकरीसाठी दूरच्या राज्यात गेली. मला तलावाकाठच्या शेडमध्ये खुंटीला टांगलं. पहिला बर्फ पडला त्या दिवशी माझ्या जिवाची नुसती उलघाल झाली. खिडकीतून डोंगर दिसत होता आणि वर जाणारं कुणी नव्हतं.

तलावाचे दरवाजे वर्नाचा धाकटा भाऊ लोवेल सांभाळी. वडिलांनी लावलेली पीचची बागही तोच बघायचा. वर बर्फ फार असेल तर तलाव आधीच थोडा रिकामा करायचा, नाहीतर पूर बांधावरून जातो. कमी असेल तर थेंबही सोडायचा नाही. दरवर्षी बहिणीच्या आकड्यावरून तो हे ठरवी. यंदा सांगणारं कुणी नाही म्हटल्यावर त्याने मलाच खुंटीवरून काढलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

त्याने मला गाडीत स्वतःशेजारी ठेवलं. हीटर जोरात चालू होता. वर पोहोचेपर्यंत मी चांगलीच तापले, आणि उतरल्या उतरल्या त्याने मला बर्फात खुपसलं. गरम अंगाला लागलेला बर्फ वितळला आणि आतल्या आत गोठून चिकटला. झटकून निघेना. दुसऱ्या वेळी त्यावर आणखी भर पडली, तिसऱ्या वेळी आणखी. काटा खाली खाली जात होता आणि लोवेलचा चेहरा खुलत होता. चूक मला कळत होती, पण सांगणार कशी? खाली येऊन त्याने तलावाचे दरवाजे उघडले.

डोंगरावर बर्फ खरं तर थोडाच होता. उन्हाळा अर्धा सरायच्या आत पाट कोरडे पडले. पीच अक्रोडाएवढे असतानाच गळाले, आणि पुढे झाडंही उभ्या उभ्या वाळली.

वर्ना सुट्टीवर आली तेव्हा लोवेल तिला शेडमध्ये घेऊन आला. तुझ्यासारखंच सगळं केलं, काटाही तोच वापरला, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

वर्नाने माझ्यावरून हात फिरवला. “मोजायच्या आधी नळी गार केली होतीस?”

“गार कशाला? बर्फातच तर जाणार होती.”

वर्नाने मला उचलून, वर झाडाच्या सावलीत ठेवायची तशी, भिंतीला टेकवून ठेवलं. ते बघून लोवेलच्या लक्षात आलं. तो खाली बघत म्हणाला, “मला वाटायचं, तुम्ही दोघं वर कॉफी प्यायला थांबता. सगळं खोरं हसायचं त्यावरून. मीसुद्धा.”

“हसू दे रे.”

“मला शिकव ना हे.”

“शिकवीन. एका दिवसाचं काम आहे. पण दर महिन्याला, सगळ्या जागी जायला लागतं. थंडीत तू डोंगर चढशील, तर झाडं कोण छाटणार?”

“आता झाडं कुठं राहिली आहेत, वर्ना?”

तिने त्याला जवळ घेतलं. दोन दिवसांनी ती परत गेली, कारण नोकरीवर तिला जावंच लागणार होतं; शिकवायचं राहूनच गेलं.

मित्रांनो, मी अजून खुंटीलाच आहे. तुमच्याकडेही कुणीतरी नदी मोजत असेल, विहिरीचं पाणी मोजत असेल. पैसे वाचवायचे म्हणून त्या माणसाला घरी पाठवू नका. माझं काय, मी धातूची आहे, वाट बघू शकते. झाडांना ते जमलं नाही.