ब्लँकेटच्या चौकोनी घड्या

अक्षताला राग यायला फार काही लागत नाही, हे तिच्या धानोरीच्या घरापासून लोहगावच्या धावपट्टीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या दुपारचा राग निराळा होता. तो आला तेव्हा विमान अगदी लख्ख दिसत होतं.

लेहहून जवानांना घेऊन आलेलं ते चार्टर विमान हवाई दलाच्या बाजूला उभं होतं. जवान उतरून गेले होते आणि थोड्याच वेळात दुसरी तुकडी त्याच विमानाने लेहला निघणार होती. या बाजूला यायला सफाईवाल्यांना वेगळे पास लागतात आणि ते काढायला विमान कंपनीला सवड नसते. म्हणून एअर होस्टेसनीच हातमोजे चढवायचे, सीटा पुसायच्या, संडास धुवायचे. त्याबद्दल अक्षताची तक्रार नव्हती. घाण दिसली की काढायची, त्यात लाज कसली? लाज पास न काढणाऱ्यांना वाटायला हवी होती, पण त्यांच्याकडे ती वस्तू शिल्लक नव्हती.

येताना विमानात पोटाची साथच आली होती. एकाला उलटी झाली, मग दुसऱ्याला, मग मागे रांगाच्या रांगा आजारी. क्रूची प्रमुख म्हणून अक्षता पुढे एका गळून गेलेल्या जवानापाशी बसून त्याला घोटघोट पाणी पाजत होती. मागची बाजू तिने नव्या वैष्णवीवर सोपवली होती. विमान रिकामं झाल्यावर वैष्णवी खुशीत सांगत आली, "मॅम, मागे काही करायचंच नाहीये. सगळं त्यांनीच क्लीन केलं. कसली डिसिप्लिन आहे ना!"

खरोखरच जमीन कोरडी होती. प्रत्येक सीटवर ब्लँकेटची घडी होती, बराकीत घालतात तशी, कडेला कड जुळवलेली, चौकोनी. अक्षताला क्षणभर भरून आलं. कौतुकाने तिने एक घडी उचलली आणि तिचा हात ओला झाला.

ब्लँकेट आतून भिजलेलं होतं. वास आला तशी तिने मान फिरवली. सीटपाशी पुसायला कागदी रुमाल नव्हते, चार्टरला कशाला हवेत म्हणून कंपनीने ते कधीच बंद केले होते. मुलींना हाक मारायचा त्या पोरांना संकोच वाटला असणार. हाताशी होती त्या ब्लँकेटांनी त्यांनी उलटी पुसली आणि सवयीने घाण बाजू आत ठेवून नीट घडी घातली. अक्षताने शेजारची घडी उघडली, ती कोरडी निघाली. त्यापुढची पुन्हा ओली. बाहेरून सगळ्या सारख्याच.

तेवढ्यात कंपनीचा इथला मॅनेजर अभय पायऱ्या चढून आला. "वा! एवढी क्लीन केबिन तर मी रोजच्या फ्लाइटलाही पाहिली नाही. चला, कॅप्टनना 'केबिन रेडी' सांग."

क्रूच्या प्रमुखाने ते दोन शब्द सांगितल्याशिवाय विमानात माणूस चढत नाही. अक्षताने ते सांगितले नाहीत.

"ही सगळी ब्लँकेटं खाली उतरवा," ती म्हणाली. "उलटी पुसलीये त्यांनी. आणि केबिन जंतुनाशकाने पुसल्याशिवाय कुणाला चढवायचं नाही."

"अगं, उशीर होईल. स्प्रे मार आणि ठेव तशीच. फौजी आहेत ते, बर्फात बंकरमध्ये राहतात. त्यांना काय होतंय?"

अक्षताच्या डोक्यात तिडीक गेली. लेहला उतरलं की धडधाकट माणसालाही धाप लागते, पहिले काही दिवस नुसतं पडून राहायला सांगतात. तिथे ही साथ पोटात घेऊन उतरणाऱ्याचं काय व्हायचं?

"बर्फात राहतात म्हणून दुसऱ्याची ओकारी पांघरायची?"

"आवाज खाली ठेव."

"खालीच आहे, सर. वर गेला तर कंट्रोल टॉवरला ऐकू जाईल." तिने ती ओली घडी त्याच्यापुढे धरली. "आपण बसा ना इथे. दोन मिनिटं पांघरून दाखवा. लगेच सांगते, केबिन रेडी."

अभय मागे सरकला. "प्रमुख म्हणून ही तुझी शेवटची फ्लाइट समज," तो म्हणाला आणि वळला. "वैष्णवी, तू सांग कॅप्टनना."

वैष्णवीचा चेहरा पांढराफटक पडला. काढून ठेवलेले हातमोजे तिने उचलले आणि पुन्हा चढवले.

दारात नव्या तुकडीचे सुभेदार महिपती काळभोर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "ताई, कशाला वाद घालताय? आमचं चालतंय," ते समजुतीने म्हणाले. "माझी पोरं घेतील पुसून. आमाला सवय हाय."

अभयपेक्षाही त्या बोलण्याचा अक्षताला जास्त राग आला. "सवय आहे म्हणूनच हे झालं, सुभेदारसाहेब! तुम्ही 'चालतंय' म्हणता आणि ही माणसं तुमच्यावर खुशाल काहीही चालवतात. मला नाही चालत!"

सुभेदारांनी घडी हातात घेतली, उघडली आणि मिटली. मग ते पायऱ्यांकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाले, "कुनी वर यायचं न्हाई. ताई सांगतील तवाच."

अभय फोन कानाला लावून खाली उतरला. सगळी ब्लँकेटं पोत्यांत भरून गेली. अक्षता आणि वैष्णवी दोघींनी घाम गाळून सीट न् सीट पुसली, आणि मगच अक्षताने ते दोन शब्द सांगितले. विमान उशिरा, बिनब्लँकेटचं उडालं.

वर गेल्यावर तिने माईक घेतला. नेहमीचं गोड स्वागत तिने गिळून टाकलं.

"ब्लँकेटं नाहीत, आपापली जॅकेटं घाला. आणि एक ऐका. कुणाला मळमळलं, काही सांडलं, तर डोक्यावरचं बटण दाबायचं. पुसायचं नाही, लपवायचं नाही. ते आमचं काम आहे."

बराच वेळ कुणीही बटण दाबलं नाही. सगळे ताठ बसून होते. ऐकणार नाहीत ही माणसं, असं म्हणत अक्षता चरफडत राहिली.

मग मागे टिंग झालं. मिसरूड फुटलेला एक जवान कागदी पिशवी दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून बसला होता.

"सॉरी मॅडम."

"सॉरी म्हणायचं नाही!" ती खेकसली, आणि पिशवी त्याच्या हातांतून काढून घेतली.