माझ्या पोटातला तिसरा

मित्रांनो, मी पवनीतला एक जुना रांजण आहे. माझ्या पोटात कोणीतरी राहत होतं, त्याची ही गोष्ट.

वैनगंगेकाठच्या मातीतून कुंभारानं मला घडवलं. मंगलाबाईंनी मला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अर्धा जमिनीत रोवलं. उन्हाळ्यात पाहुणे माझं पाणी पिऊन म्हणत, "वा, जीव थंडावला!"

मग घरात नळ आला. नगरपालिकेची नदीचं पाणी गाळायची यंत्रणा बंद पडली, तर दुरुस्त कोण करतो? ब्लीचिंग पावडर जास्त ओतली की साहेब मोकळे! गाळ थेट माझ्या पोटात.

यंदा सून तृप्तीला दिवस गेले. आधीचं लेकरू पोटातच गेलं होतं, म्हणून मंगलाबाईंचा जीव टांगणीला. त्या गढूळ पाण्यात त्या क्लोरीनचे थेंब दुप्पट टाकू लागल्या. औषधाची ताकद उडू नये म्हणून माझ्या तोंडावर फडकं घट्ट बांधू लागल्या.

त्या अंधारात औषधाला गाळातला कुजका पाला भेटे. दोघांतून तिसरा जन्मे. त्याला रंग नव्हता, अंग नव्हतं, फक्त किंचित गोडसर वास. जंतू वळवळायचे, हा मात्र निपचित बसून वाट पाहायचा.

"आई, पाणी कसंतरीच लागून राहिलं," तृप्ती म्हणाली.

"रांजण भुताळला, दुसरं काय!"

मला उपटून अंगणात टाकलं. माझ्या जागी स्टीलचा ड्रम आला. तेच पाणी, तेच थेंब, तेच फडकं.

सकाळी तृप्तीनं फडकं सोडलं आणि ती मागे सरली. "आई, रांजण तर बाहेर गेला. वास घरातच हाये!"

आरोग्य खात्याच्या आशा सेविका धुरपताताई तृप्तीच्या तपासणीला आल्या, ड्रममध्ये डोकावल्या आणि भडकल्या. "काय करून राहिल्या, मंगलाबाई? गाळावर औषध मारलं का त्यातून दुसरंच विष तयार होते. वर्षानुवर्षं पेलं तर कॅन्सरचा धोका वाढते म्हणतात. पोटातल्या लेकराचं पक्कं कोणी सांगत नाही, पण जुगार कायले?"

"मंग औषध बंद करू?"

"अजिबात नाही! हगवण लागली तर? तुरटी फिरवा, पाणी निवळू द्या, गाळा. मंग थेंब, तेही मोजून."

मंगलाबाईंनी थेंबांची बाटली खाली ठेवली. "मीच पाजलं व माय..."

आता अंगणात माझ्याच पोटात पाणी निवळतं. तृप्तीचे दिवस भरत आलेत. ती आधी वास घेते, मग पिते.

मित्रांनो, घरचं झाकण उघडून बघा. आणि नळाचं पाणी गाळायची यंत्रणा बंद का, हे मोठ्यांना ओरडून विचारा. कारण तो तिसरा कुठेच गेलेला नाही. नळ सुटला की खळखळत येतो.