टेबलाच्या कडेचा कप

मुलीने गणित घेतलं तेव्हा सगळ्यात जास्त आकांडतांडव मी केलं होतं. मी शिवणकाम करते. ज्या विद्येतून चार कपडे निघत नाहीत, ती मला विद्याच वाटायची नाही. "गणित शिकून काय करणार? शाळेत फळा पुसणार?" असं मी तिला येता-जाता ऐकवायची. आमचे हे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ते म्हणाले, "शिकू दे तिला. मीसुद्धा अक्षरं मोजूनमापूनच बसवतो की." बापलेक कायम एका बाजूला आणि वाईटपणा माझ्या वाट्याला, असंच आमच्याकडे चालायचं.

मग तिच्या वर्गातली एक विमा कंपनीत लागली. दुसरी पूल किती भार पेलेल याचे हिशेब करू लागली. आमची लेक रुग्णवाहिकांच्या कार्यालयात गेली. शहरात गाड्या मोजक्याच, त्या कुठे उभ्या ठेवल्या म्हणजे लोकांपर्यंत लवकर पोचतील, हे ती काढायची. माझं तोंड बंद झालं. उलट गिऱ्हाइकांची मापं घेताना मीच तिची फुशारकी मारू लागले.

एकदा जेवणं झाल्यावर तिने टेबलावर अख्खं शहर मांडलं. डाळीचे दाणे म्हणजे जिथून फोन येतात ती घरं, आणि कप म्हणजे गाड्या. बाजाराकडे दाण्यांचा ढीग होता. आम्ही टेकडीवर राहतो, ती टेबलाच्या अगदी कडेला आली होती आणि तिथे दाणे तुरळक होते. एक कप टेकडीच्या पायथ्याशी होता.

"बाबा, सगळ्या शहराचा मिळून गाडी पोचायचा सरासरी वेळ कमी करायचाय. कुठला कप हलवाल?"

यांनी डोकं खाजवलं आणि कडेचा कप उचलून बाजारात ठेवला. "इथं कोण आजारी पडतंय? सगळी काटक माणसं."

"बरोबर," लेक म्हणाली. "कॉम्प्युटरनेही हेच उत्तर दिलं." हे असे फुलून गेले की बघायला नको. पुढे पायथ्याची गाडी खरंच बाजारात गेली, शहराची सरासरी सुधारली आणि लेकीला बढती मिळाली.

मग एका दुपारी दाराला रंग देता देता हे खाली बसले. चेहरा राखेसारखा झाला होता आणि शर्ट घामाने भिजला होता. "छातीवर कुणीतरी बसलंय गं," म्हणाले. रुग्णवाहिकेचा नंबर लावला, पत्ता सांगितला. गाडी निघतेय, असं तिकडून म्हणाले. लगेच लेकीला फोन केला, कारण तिच्यासमोरच्या पडद्यावर सगळ्या गाड्या दिसतात.

"आई, बाबांना चालवू नकोस. टेकून बसव."

"गाडी कुठाय?"

पलीकडून तिच्या बोटांची टकटक ऐकू आली.

"अगं बोल ना, कुठाय गाडी?"

"बाजारात. रस्ता तुंबलाय आई. वर यायला वेळ लागेल."

"किती वेळ?"

आकड्यांवर जगणारी पोर, पण तिच्या तोंडून आकडा निघेना. मग तिचा आवाज एकदम बदलला. "शेजारच्या सिलिंडरवाल्या दादांचा टेम्पो दारात आहे का? तुम्ही खाली निघा, गाडी वर येऊ दे. दोघं एकमेकांकडे निघाले की मधेच गाठ पडेल. खडीच्या खाणीच्या रस्त्याने या. नकाशात तो लांबचा दिसतो, पण तोच मोकळा असतो. गाडीला मी खाणीच्या फाटकाशी बोलावते."

शाळेत असताना तिला हे आगगाड्यांची अशी उदाहरणं घालायचे. दोन गाड्या समोरासमोर निघाल्या, तर कुठे भेटतील? मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "असल्या गाड्या सोडतंय कोण, त्याला आधी धरा."

सिलिंडरवाल्याने भराभरा सिलिंडर रस्त्यावरच उतरवले. "काकू, बसा. काकांना काही होत नाही," असं म्हणत होता. आम्ही यांना टेम्पोतल्या पोत्यांना टेकून बसवलं. फोन माझ्या हातात स्पीकरवर चालूच होता. पलीकडे लेक रडायला लागली होती.

"बाबा, ती गाडी मी हलवली. पायथ्याशी असती तर एव्हाना..."

यांना धाप लागली होती. मी म्हटलं, बोलू नका हो. पण माझं ऐकलंय कधी? माझा हात फोनसकट तोंडाशी ओढून म्हणाले, "तू कुठं? कप मी सरकवला. तुझं गणित बरोबर होतं, पोरी."

"बाबा, बोलू नका ना."

मग ते बोललेच नाहीत. मी त्यांचे तळहात चोळत होते, हाका मारत होते, टेम्पो खड्ड्यांतून आदळत होता आणि लेक फोनवर विचारत होती, "आई, बाबा काय करतायत? आई?"

आम्ही फाटकाशी थांबलो आणि त्याच क्षणी वळणावरून गाडी आली. तिचा हिशेब तसूभरही चुकला नव्हता. त्या लोकांनी यांना तिथेच खडीवर घेतलं आणि कितीतरी वेळ छाती दाबत राहिले. शेवटी त्यांच्यातल्या एकाने माझ्याकडे बघून मान खाली घातली.

भेटायला येणारे येऊन गेले, घर रिकामं झालं. लेक त्याच टेबलाशी बसून होती. मी तिच्यापुढे चहाचा कप ठेवला. तिला ताडताड बोलावं असं माझ्या मनात होतं, खोटं कशाला सांगू? पण दोष स्वतःवर घेऊन यांनी जाता जाता ती सोयही ठेवली नव्हती. म्हणून मी नुसतं विचारलं, "त्या दिवशी तुझी सरासरी बिघडली असेल ना?"

"नाही आई. एका माणसाने नाही बिघडत."

तिने तो कप उचलला आणि टेबलाच्या अगदी कडेला, टेकडीच्या जागी नेऊन ठेवला. तो पडेल असं मला वाटत होतं, पण मी हात लावला नाही.